ज्योत्स्नाच्या पानावरची रिकामी जागा

मी एक रिकामी जागा आहे, मित्रांनो. हसू नका. मलाही जन्म आहे, आणि जीव मुठीत धरून जगणं म्हणजे काय, ते मला विचारा.

बिदरजवळच्या जनवाड्याची ज्योत्स्ना फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. तिथे आमचा वंश कधी वाढलाच नाही. वाढदिवस असो की लग्न, फ्लेक्सवर अख्ख्या भावकीचे फोटो हवेत. एक चेहरा राहिला की वर्षभर अबोला. बोटभर जागा दिसली की तिथे कुणाचा तरी मेहुणा येऊन बसायचा.

हैदराबादच्या एका कंपनीने नोकरीसाठी ज्योत्स्नाला तिची कामं एका वेबपानावर मांडून मागितली, तेव्हाही तिने सवयीने तेच केलं. होते नव्हते ते सगळे फ्लेक्स, सगळे रंग, नाना तऱ्हेची अक्षरं. मी कोपऱ्यात अंग चोरून होते. संध्याकाळी लिंक पाठवायची होती. ही नोकरी हुकली तर पोरीचा जन्म दुसऱ्यांचे चेहरे चिकटवण्यात जाणार, या विचाराने मी तळमळत होते.

दुपारी तिने ते पान मोबाईलवर उघडलं. बराच वेळ बोट फिरवलं, पण नजर कुठेच ठरेना. मग ती संगणकावर बसून एकेक फ्लेक्स काढून टाकू लागली. तिला मनापासून आवडलेले चारच उरले. अक्षरं एका वळणाची, कडा एका रेषेत, रंग दोनच. आणि मधे मी, पहिल्यांदाच ऐसपैस. तरी मला चैन नव्हतं. सवयीचा हात कधी परत फिरेल, सांगता येतं का?

तेवढ्यात तिचे चुलते गुंडेराव आले. तिचा पहिला फ्लेक्स त्यांच्याच वाढदिवसाचा होता.

"ह्यात मी कामून न्हाई?"

ज्योत्स्नाचा हात माउसकडे गेला. मी पुन्हा अंग चोरलं. पण हात थांबला.

"काका, फ्लेक्सवर तुमीच हाव. हे पान माझं हाय."

काकांच्या नाकावर राग होता. त्यांनी चष्मा पुसून पान पुन्हा पाहिलं.

"तुझं हाय म्हणतीस, मग तुझं नाव कुठं हाय?"

नाव होतं. दुकानाच्या रिवाजाप्रमाणे अगदी तळाला, मुंगीएवढं.

"मानाच्या मानसाचं नाव वर असतंय, पोरी. मोठं कर."

आजवर मला सगळ्यांनी हिसकावून घेतलं. त्या नावासाठी मात्र मी आपणहून सरकले.

लिंक गेली. उत्तर अजून आलेलं नाही, आणि ज्योत्स्ना घडोघडी मोबाईल बघते आहे. कंपनी काय म्हणेल ते म्हणो. मित्रांनो, तुमच्या पानावर माझ्या एखाद्या बहिणीला जगू द्या. आणि तिच्याकडून काही घ्यायचंच असेल, तर आधी स्वतःच्या नावापुरतं घ्या.