न पाहिलेली पेनल्टी

गावच्या गार्बिन संघाची मॅच घरच्या मैदानावर असली की येरको मातुलिच जेवण उरकून, डोक्यावर टोपी चढवून थेट पोलीस चौकीत जाऊन बसायचा. कोर्टाचा हुकूमच तसा होता. हिवाळ्याच्या तोंडाला एका ऑफसाइडवरून त्याचं डोकं फिरलं होतं. छप्पन्न वर्षांचा हा माणूस कुंपणावरून मैदानात उतरला, लाइन्समनच्या हातातलं निशाण त्यानं हिसकावलं आणि गुडघ्यावर कडाकन मोडलं. लाइन्समनला आपण बोटही लावलं नाही, हे तो कुणालाही शपथेवर सांगे. पण बंदी लागायची ती लागलीच, पूर्ण एक वर्ष. मॅच चालू असेतो चौकीत हजर राहायचं, फोन खणात जमा करायचा आणि मॅच संपून पाव तास होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही.

चौकी मैदानाच्या दोन गल्ल्या खाली, बंदराच्या रस्त्यावर होती. मैदानातला आवाज तिथे लख्ख ऐकू येई आणि दिसत मात्र काहीच नसे. येरकोला वाटे, यापेक्षा दूरच्या एखाद्या तुरुंगात टाकलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच्यासोबत निवेस असायची. ही पोस्टात कामाला होती. तिनं पेटती मशाल मैदानात फेकली होती आणि ती नेमकी पाहुण्या गोलकीपरच्या टॉवेलवर पडली होती. आणि तिसरा शिमे, चौकीचा हवालदार. गुडघे दुखतात म्हणून त्याला मैदानाच्या बंदोबस्तावर कुणी नेत नसे. कैदी दोन असले तरी अडकलेले तिघं, असं निवेस म्हणायची.

त्या रविवारी मोसमातली शेवटची मॅच होती. समोर डोंगरापलीकडचा व्रेलो. बरोबरी झाली तरी गार्बिन दुसऱ्या विभागात टिकणार होता. हरला तर खाली, जिथे गुरं चरून गेलेल्या मैदानांवर खेळावं लागतं.

"गेल्या रविवारी तीन-एक हरलो," निवेस पत्ते पिसत म्हणाली. "आणि तो एक गोलही त्यांच्याच माणसानं आपल्याला दान केला. आपला स्ट्रायकर पाहिलास ना, येरको? पळताना पोट आधी पोचतं, मागून तो."

"मी कुठे पाहणार? टीव्हीवर गोल तेवढे दाखवले."

"मग गोल सोडून त्यात होतंच काय!"

"शेवटच्या महिन्यात आपल्याविरुद्ध चार पेनल्ट्या दिल्यात," येरको म्हणाला. "चार! आणि आपल्याला एक तरी? वर कुणालातरी आपण नकोच आहोत. किनाऱ्यावरची लहान गावं त्यांच्या डोळ्यांत खुपतात."

"बार्बा," शिमे म्हणाला. त्या किनाऱ्यावर वडीलधाऱ्या माणसाला अशीच हाक मारतात. शिमे स्वतः निवृत्तीला आला होता, पण येरकोला बार्बा म्हणायची त्याला सवय होती. "चारातल्या तीन तर रोकोनंच ओढवून घेतल्या. तो पोरगा डिफेन्समध्ये उभा राहतो की कपडे वाळत घालतो? हात सारखे वर."

"रोकोला काही बोलायचं नाही. त्याचा बाप माझ्यासोबत जहाजावर होता."

"बापाला कोण बोलतंय? मी हातांबद्दल बोलतोय."

वर मॅच सुरू झाली. येरकोचा मेव्हणा दुये ढोल बडवायचा, तो ढोल येरकोला शंभरात ओळखू यायचा. पूर्वार्धभर ढोल एका लयीत वाजत राहिला, म्हणजे गोल कुणाचाच नाही. मध्यंतरात निवेसनं घरून आणलेल्या खारवलेल्या मासोळ्या आणि पाव काढला.

"बरोबरी पुरे आपल्याला," येरको तीनतीनदा म्हणाला. "बरोबरी पुरे. नुसता चेंडू बाहेर मारत बसा म्हणावं."

उत्तरार्ध सरता सरेना. मॅच संपायला आली असेल अशा सुमारास ढोल मध्येच थांबला. मग शिट्ट्यांचं असं वादळ उठलं की शिमेच्या हातातले पत्ते तसेच राहिले. त्यानंतर सारं चिडीचूप. आणि त्या शांततेत लांबून, एका कोपऱ्यातून, मूठभर माणसांचा आनंदाचा ओरडा आला.

तो ओरडा आपला नव्हता, गोल व्रेलोचा झाला होता, हे तिघांनाही कळलं. निवेसनं पत्ते गोळा करून पेटीत ठेवले.

थोड्या वेळानं वायरलेस खरखरला. वर धक्काबुक्की सुरू होती, फाटक तोडलं होतं. मग मागच्या दारी गाडी थांबली. दोन पोलिसांनी एका माणसाला अर्धं उचलूनच आत आणलं, बाकावर बसवलं, आणि "याला सांभाळ, आम्ही वर जातो," असं शिमेला सांगून ते आल्या पावली परत गेले. माणसाच्या अंगावर पंचाचा पिवळा शर्ट होता. पायांत अजून खिळ्यांचे बूट. कपाळावर खरचटलेलं.

"वेळ झाली, माझा फोन द्या," निवेस म्हणाली. तिनं त्या माणसाकडे एकदाच पाहिलं, फोन घेतला आणि बाहेर गेली. तिच्यामागे निघायचं म्हणून येरको टोपी शोधत होता. ती बाकाखाली पडली होती. तो वाकून ती काढतो आहे तोवर शिमेनं रस्त्याकडे पाहिलं आणि समोरच्या दाराला भला मोठा अडसर घातला.

"अरे, मी आहे ना आत!"

"बार्बा, आता साक्षात पोप आला तरी दार उघडणार नाही. ते बघ."

बंदराच्या रस्त्यानं माणसं खाली येत होती. पुढे ढोल.

शिमे मागच्या खोलीत जाऊन जिल्ह्याच्या ठाण्याला फोन लावू लागला. इकडे दारावर पहिली थाप पडली, मग दुसरी. खिडकीच्या गजांवर काहीतरी आदळलं आणि काच फुटली. येरको भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बाहेरचा एकेक आवाज त्याच्या ओळखीचा होता. हा बेकरीवाला ल्युबो, हा बोटीवरचा अन्ते, हा दुये. यांच्यासोबत तो वीस वर्षं एकाच कठड्याला रेलून ओरडला होता. ते सगळे मिळून दाराच्या त्या बाजूनं ओरडताना कसे ऐकू येतात, हे त्यानं आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"पाणी मिळेल का?" पंच म्हणाला.

येरकोनं नळाचं पाणी पेल्यात भरून दिलं. पंचानं तो घाईनं तोंडाला लावला, अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

"तुम्हीही पोलीस?"

"नाही. मला मैदानबंदी आहे."

"कशासाठी?"

"तुमच्याच एका माणसाचं निशाण मोडलं."

पंच बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला. येरकोला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

"घाबरू नका. काय दिलंत?"

"पेनल्टी. हाताला लागला म्हणून. तुमच्या पाच नंबरच्या."

पाच नंबर म्हणजे रोको. येरको पुढे झुकला. "लागला होता?"

पंचानं त्याच्याकडे नीट पाहिलं. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस होता. आठवडाभर गुरांचा डॉक्टर म्हणून खेड्यापाड्यांत फिरायचा, हे त्यानं नंतर सांगितलं. नाव तिहोमिर. "तुम्ही मॅच पाहिलीत का?"

"कशी पाहणार? आख्ख्या गावात न पाहिलेले आम्ही तिघंच."

"मग तुम्हाला सांगता येईल," तिहोमिर म्हणाला. आवाज खाली आणून, बाहेरच्या गोंगाटात जेमतेम ऐकू येईल असं तो बोलू लागला. "कॉर्नर आला. मी इथे उभा. माझ्यासमोर तुमचा तो जाडा स्ट्रायकर, मदतीला मागे आलेला. त्याची पाठ माझ्या डोळ्यांपुढे आली. चेंडू पाच नंबरपर्यंत गेला, मग खाली पडला. मधलं मला दिसलंच नाही. त्यांच्या अकराही जणांनी हात वर केले. मी शिट्टी फुंकली."

"न बघता?"

"न बघता. लाइन्समनकडे पाहिलं, तर तो माझ्याकडेच पाहत होता. एकदा फुंकलेली शिट्टी परत गिळता येत नाही हो. त्या क्षणी मला वाटलं, पायाखाली जमीन फाटेल तर बरं." त्यानं पेला खाली ठेवला. "तेवीस वर्षं हे करतोय. असं कधी केलं नव्हतं. घरी बायकोला तरी कसं सांगू?"

"येरको!" खिडकीशी दुयेचा आवाज. फुटलेल्या काचेतून त्याचा लालबुंद चेहरा दिसला. "तू आत आहेस होय? अरे, नशीबच आपलं! अडसर काढ, भाऊजी! फक्त अडसर काढ, बाकी आम्ही बघतो!"

अडसर हाताच्या अंतरावर होता. शिमे आत फोनवर ओरडत होता. पंच उठून उभा राहिला होता. बसावं की पळावं, आणि पळावं तर कुठे, हे त्याला कळत नव्हतं. येरकोच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. या माणसानं न बघता आपल्याला खड्ड्यात घातलं. आणि हा आत्ता मला जे म्हणाला ते म्हणाला नसता तर फार बरं झालं असतं.

"निघत नाही," तो खिडकीकडे बघून म्हणाला. "कुलूप आहे त्याला."

"कुलूप कसलं? ओंडका आहे नुसता! मला माहीत नाही का?"

"नवीन बसवलंय. किल्ली शिमेकडे."

दुये त्याच्याकडे बघत राहिला. मग मागून कुणीतरी त्याला ओढलं आणि चेहरा दिसेनासा झाला. येरको अडसराला पाठ लावून उभा राहिला. दार त्याच्या पाठीवर धडकत होतं, दणक्यागणिक त्याचे दात वाजत होते, आणि आपल्या पाठीवर बुक्के मारणारे आपलेच दोस्त आहेत हे त्याला प्रत्येक बुक्क्याला आठवत होतं.

जिल्ह्याहून गाड्या आल्या तेव्हा संध्याकाळ कलली होती. पंचाला मागच्या दारानं नेलं. जाताना त्यानं येरकोचा हात हातात घेतला. शिमेनं अडसर काढला. येरको बाहेर आला तर उरलेल्या लोकांनी त्याला घेरलं.

"काय म्हणाला तो? काय म्हणाला?"

"पाणी मागितलं."

"पेनल्टीबद्दल?"

"पाणी मागितलं आणि गप्प बसला."

"भित्रा कुठला!" ल्युबो म्हणाला, आणि सगळ्यांना ते पटलं.

त्या उन्हाळ्यात बंदरावरच्या खानावळीत दुसरा विषय नव्हता. नवा कोच कोण, गोलकीपरला कुणी विकत घेतलं, खालच्या विभागात किती वर्षं कुजावं लागेल, सगळ्या वाटा फिरून त्या पेनल्टीशी यायच्या. टीव्हीच्या चित्रांत नेमक्या त्या क्षणी स्ट्रायकरची पाठ आडवी होती, त्यामुळे वाद मिटायचा संभवच नव्हता. दुये वाईनमध्ये बोट बुडवून टेबलावर माणसं काढायचा आणि येरको त्याच्या शेजारी बसून बघायचा. एक वाक्य बोलला असता तर वाद तिथेच संपला असता: त्याला दिसलंच नव्हतं, त्यानं स्वतः सांगितलं. पण मग पुढचा प्रश्न ठरलेला होता. हे कधी सांगितलं? आणि त्यानंतर तू दार उघडलं नाहीस? घरीसुद्धा तो बोलला नाही, कारण बायको दुयेची बहीण होती.

ऑगस्टच्या सुरुवातीला रोको येरकोच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानात बोटीचं इंजिन घेऊन आला. इंजिनात फारसं काही बिघडलेलं नव्हतं. येरकोनं झाकण उघडलं, नुसता स्पार्क प्लग काळा झाला होता, तो पुसला. रोको मात्र जाईना. दाराशी उभा राहून तो तळवे पँटला पुसत राहिला.

"बार्बा येरको, एक विचारू? तो पंच खरंच काहीच बोलला नाही?"

"नाही. का रे?"

"कारण मला लागला होता." तो एका दमात म्हणाला. "कोपराला. चांगला सणसणीत. मी मैदानावर नाही म्हणालो, ड्रेसिंग रूममध्ये नाही म्हणालो, आईपुढे नाही म्हणालो. आता सगळं गाव माझी बाजू घेऊन भांडतंय. रस्त्यात म्हातारे थांबवून पाठ थोपटतात. मी काय करू?"

येरकोनं इंजिनाचं झाकण परत बसवलं. म्हणजे न बघता फुंकलेली शिट्टी बरोबर होती. एकाला माहीत नव्हतं की आपण बरोबर आहोत, आणि दुसऱ्याला माहीत होतं की आपण खोटे आहोत. ते दोघं मात्र एकमेकांना कधी भेटणार नव्हते. दोघांनीही आपापलं ओझं आणून त्याच्याच दुकानात टाकलं होतं. पंचाचा पत्ता त्याच्याजवळ नव्हता. आणि असता तरी तो लिहिणार काय? पोराचं नाव दिल्यावाचून काय सांगता आलं असतं?

"कुणाला बोललास?"

"तुम्हालाच."

"मग आता कुणाला बोलू नकोस."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला," येरको म्हणाला. "इंजिन घेऊन जा."

त्या संध्याकाळी खानावळीत गर्दी होती. पुढच्या रविवारपासून खालच्या विभागातल्या मॅच सुरू होणार होत्या. रोकोलाही कुणीतरी हाताला धरून आणून टेबलाच्या टोकाला बसवलं होतं. अन्ते म्हणत होता की लागला असेल तर असेल, एकदाचं सोडून द्या आता. त्यावर दुये उसळला.

"सोडून द्या? भाऊजी, तू सांग! या अन्तेच्या तोंडावर सांग. पंचाबरोबर एका खोलीत होतास, त्याचा चेहरा पाहिलास. चोराचा चेहरा होता की नाही? पोराच्या हाताला लागला होता का?"

सगळे येरकोकडे बघू लागले. रोको सोडून. तो पेल्याच्या बुडाकडे बघत होता.

"नाही," येरको म्हणाला. "लागला नव्हता."

टेबलावर मुठी आदळल्या, पेले नाचले. दुयेनं त्याच्या गळ्यात हात टाकला आणि सगळ्यांसाठी आणखी एक फेरी मागवली. येरकोनं आपला पेला उचलला. टेबलाच्या टोकाला रोको बाकीच्यांसोबत हसत होता, आणि हसणं कधी थांबवायचं हे त्याला कळत नव्हतं.