मावशी, आवाज वाढवा!

"याचा आवाज मधूनच जातो बरं का, ताई. आधीच सांगतो, नंतर भांडायला येऊ नका," दुरुस्तीवाल्याने माझ्यावरची धूळ पुसत बजावलं होतं. ताईंनी ते हसण्यावारी नेलं. "आमच्या घरात आमचाच आवाज एवढा असतो, की याचा गेलेला कळणारसुद्धा नाही," असं म्हणून त्या मला घरी घेऊन आल्या.

मित्रांनो, तो मधूनच मुका होणारा माल म्हणजे मी. फुगीर काचेचा, मागे कुबड असलेला जुना टीव्ही. हल्लीच्या भिंतीला चिकटणाऱ्या सडपातळ मंडळींपुढे मी म्हणजे पोट सुटलेला काकाच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. चष्मे लावलेल्या मुलींनी माझ्या पोटातल्या बारीक तारा जोडल्या. माझ्या काचेवर पहिल्यांदा उजेड आला तेव्हा त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "बघ गं, डोळे उघडले याने!" एवढं कौतुक मला पुष्कळ वर्षं पुरलं.

पुढे मी एका न्हाव्याच्या दुकानात आरशावरच्या फळीवर राहिलो. सिनेमाची ताकद मला तिथे कळली. एकदा दोन भावांच्या अबोल्याचा सिनेमा चालू होता. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने एकदम न्हाव्याचा हात धरला, आणि गालावरचा फेस तसाच ठेवून तो फोन घेऊन दाराशी गेला. "दादा, मी बोलतोय... नाही रे, झालं काही नाही. सहजच केला." न्हावी वस्तरा धरून उभा. फेस वाळून पापुद्रे सुटले, तरी त्याने हाक मारली नाही. मला त्या दोघांचंही फार कौतुक वाटलं.

दुकान नव्याने सजलं आणि मी अडगळीत गेलो. तिथून दुरुस्तीवाल्याकडे, आणि तिथून या घरी. घरात बस चालवणारे बाबा, घरभर गरगर फिरणारी लेक भिंगरी, आणि आई, म्हणजे मला आणणाऱ्या त्या ताई. आई शिकलेली, हुशार, पण जिवाला सतत घोर. एकदा भिंगरीच्या पोटावर लाल ठिपके बघून तिने डॉक्टरांना घरी बोलावलं, आणि ते ठिपके स्केचपेनचे निघाले! बाबा हा किस्सा येईल त्याला सांगायचे. "कॉलेजात हिने काळजी हाच विषय घेतला होता," असंही वर म्हणायचे. आई हसायची, पण तिचा चेहरा मी समोरूनच बघत होतो. तिला ते लागायचं.

पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळची मालिका ऐन रंगात आलेली असताना माझा आवाज गेला. मालिकेतली नर्स नुसती ओठ हलवू लागली. बाबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मी गप्प. तेवढ्यात भिंतीपलीकडून नर्सचा आवाज आला! शेजारच्या मावशी तीच मालिका बघत होत्या. नात्याने त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. पूर्वी शिवण शिकवायच्या, आता एकट्या राहायच्या.

भिंगरीने भिंतीला तोंड लावलं. "मावशीऽऽ, आवाज वाढवा!"

आवाज वाढला, आणि पाठोपाठ मावशींचा टोमणाही आला, "फुकटात ऐकता काय गं? उद्यापासून तिकीट लावते!"

मग तसंच ठरून गेलं. चित्र माझं आणि आवाज मावशींचा. मला दुरुस्तीला न्यायची गोष्टच कुणी काढली नाही.

त्या मालिकेतली नर्स मला आवडायची. एका भागात ती नुसत्या शंकेवरून एका घराचं दार वाजवते. आत सगळे ठणठणीत असतात आणि अख्खी गल्ली तिला हसते. पुढच्या वेळी शंका आली की ती पुन्हा जाते. तो भाग बघताना आईच्या हातातली वाटी तशीच राहिली होती.

मग एका संध्याकाळी माझा आवाज पुन्हा गेला. भिंगरी ओरडली. पलीकडचा टीव्ही चालू होता, पण आवाज वाढला नाही. ती पुन्हा ओरडली. टोमणा नाही, काही नाही.

"डुलकी लागली असेल," बाबा म्हणाले.

"मालिकेच्या वेळी? मावशींना?"

"झालं तुझं सुरू! स्केचपेन विसरलीस वाटतं?"

आई खाली बसली. माझ्याकडे बघत राहिली. काचेवर नर्स कुठल्याशा जिन्याने चढत होती. आई उठली. "हसतील तर हसू देत," असं म्हणून तिने मावशींनी ठेवायला दिलेली किल्ली खुंटीवरून काढली. बाबाही मान हलवत मागोमाग गेले.

मला इथून हलता येत नाही. मी फक्त ऐकलं. बेल वाजली. पुन्हा वाजली. कुलूप उघडलं. मग आईची किंकाळी, "मावशी! अरे, लवकर ये, गाडी बोलाव!" आणि पलीकडचा टीव्ही बंद झाला. भिंगरी भिंतीला कान लावून उभी होती.

मावशी दुपारी टीव्ही चालू ठेवूनच पाणी घ्यायला उठल्या आणि स्वयंपाकघरात घसरून पडल्या होत्या. खुबा मोडला होता. रात्रभर तशाच राहिल्या असत्या तर हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

बऱ्याच दिवसांनी, काठी टेकत, मावशी आमच्या खोलीत येऊन बसल्या. "अगं पोरी, भिंगरीची हाक मला ऐकू येत होती. घशाला कोरड, आवाजच फुटेना. मनात म्हणत होते, आवाज वाढवत नाही म्हणून भांडायला तरी या गं कुणीतरी!"

आईने त्यांचा हात धरला. बाबा माझी काच पुसत बसले, पुसायची काही गरज नसताना. स्केचपेनचा किस्सा त्यांनी नंतर कधी सांगितला नाही.

आता घरात नवा टीव्ही आहे, मी कोपऱ्यात. तक्रार नाही. माझ्या काचेवरून किती शहाण्या गोष्टी गेल्या. त्या बघून डोळे पुसणारे पुष्कळ पाहिले. बघून उठणारी माणसं थोडी होती, पण ती मला भेटली, आणि माझा जन्म सार्थकी लागला.

मित्रांनो, तुमच्या शेजारीही कुणी एकटं राहत असेल. आज त्यांची चाहूल लागली होती का? नक्की आठवत नसेल, तर हे पान असंच उघडं ठेवा आणि आधी त्यांची बेल वाजवून या. जेवलात का, एवढंच विचारा.