'बरोबर आहे तुमचं'

ज्ञानदाबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं. गंगाधर मुळे सरांच्या स्मृतिग्रंथाचं संपादन हाती घेतलं, त्याच दिवशी त्यांच्या मनात पक्कं झालं होतं की सर म्हणजे नम्रता. एवढे मोठे तत्त्वज्ञ, पण आयुष्यात कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. आणि पुरावा म्हणाल तर ढीगभर. सरांच्या बरोबरीच्या अकरा प्राध्यापकांनी आठवणी पाठवल्या होत्या आणि अकराही जणांना सर कधी ना कधी म्हणाले होते, "बरोबर आहे तुमचं." खुद्द बाईंनाही म्हणाले होते, प्रबंध वाचून परत देताना. त्या तीन शब्दांवर बाई तेवीस वर्षं ताठ मानेनं वावरल्या. कॉलेजात कुणी शंका काढली की त्या सरळ सांगायच्या, सरांनी मान्य केलंय.

आता एकच आठवण राहिली होती, नवी पेठेतल्या सोमलिंगअण्णांची. सर रोज संध्याकाळी अण्णांच्या कापडदुकानात बसायचे. विद्वानांच्या पंगतीत दुकानदार कशाला, म्हणून ग्रंथाच्या समितीनं नाकं मुरडली, पण बाई गेल्याच.

"नम्र?" अण्णा हसले. "मास्तर? लई भांडखोर माणूस हो, बाई. गिऱ्हाईक पंचवीस लुगडी उलगडून बघतंय आन् 'परत येते' म्हणून जातंय, ते खोटं बोललं का न्हाय, ह्याच्यावर आमी आठ दिवस भांडलो. मी म्हणायचो खोटं, ते म्हणायचे न्हाय. एकदा तर रागानं चहा तसाच टाकून गेले की."

"पण सगळ्यांना तर ते 'बरोबर आहे तुमचं' म्हणायचे," बाई म्हणाल्या.

"म्हणायचे की. मी इचारलं होतं एकदा. तर म्हणाले, सोमलिंग, दगडावर डोकं कोण आपटून घेतंय? जो माणूस ऐकणारच न्हाय, त्याला बरोबर म्हणावं आन् घरी जावं."

बाईंचं पेन थांबलं. कानशिलं तापली. हे खोटं असेल, असं म्हणायला त्यांचं तोंड उघडलंही. पण प्रबंधावर सरांची एकही खूण नव्हती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तीनशे पानांत एक रेघही नाही. तेव्हा वाटलं होतं, चूकच सापडली नाही म्हणून.

"मलाही तेच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "ग्रंथात माझी आठवण पहिली छापते. जसं झालं तसं. पण अण्णा, हे सरांचं चुकलं. तुमच्याशी आठ दिवस भांडले, मग मला तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

आतापर्यंत आदबीनं बोलणारे अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

"न्हाय पटलं मला. तुमी गेलता का परत त्यांच्याकडं? चूक कुटं हाय ते सांगा, म्हणून बसलाव का दारात?"

चूक विचारायला बाई गेल्या नव्हत्या. पेढे घेऊन गेल्या होत्या.