आयव्हीने झापलेलं यंत्र

सांगतो, पण तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलाच तर मला तुमची काळजी वाटेल. आयव्ही पर्किसने एका यंत्राला इतकं झापलं, इतकं झापलं, की ते सुधारलं. आमच्या गावात आजवर झापून सुधारलेलं तेवढं एकच.

"झालं म्हाताऱ्याचं सुरू," ग्रेग म्हणाला. ग्रेग मेंढ्यांचा ट्रक हाकतो आणि शुक्रवारी पबच्या ओसरीवर मला बिअर पाजतो, म्हणून त्याला मध्ये तोंड घालायचा हक्क आहे.

"नाही पटत? आयव्हीलाच विचार. ती काय तिथे बसलीय."

आयव्ही भिंतीशेजारच्या खुर्चीत हनुवटी छातीला टेकवून बसली होती. डुलकी लागली असावी. नजरेचं म्हणाल, तर तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीची ती जन्मभराची स्वयंपाकीण. डार्लिंग नदीच्या पलीकडे मेंढ्या कातरायची एकही शेड नसेल, जिथे तिने मटण रांधलं नाही. मी त्याच टोळीत लोकरीच्या गाठी दाबायचो. आमच्यात नियम असा, की जेवणाला जो नावं ठेवील त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः रांधायचं. त्यामुळे करपलेलं मटणही आम्ही वाहवा करत गिळायचो. आयव्हीने तोच नियम पुस्तकांनाही लावला. रात्रीचं जेवण आटोपलं की ती टेबलाच्या टोकाला बसून आम्हाला कादंबरी वाचून दाखवायची, आणि कोणी कुरकुर केली की पुस्तक त्याच्या पुढ्यात. "घे. तू वाच बघू चांगलं." दांडगे गडी, मेंढा एका हाताने आडवा करणारे, पण पुस्तक पुढ्यात आलं की घाम फुटायचा.

मग तिचे डोळे गेले. टोळी सुटली होतीच, आता पुस्तकंही सुटली. तिने चूल पेटवायचं बंद केलं. पाव आणि डबाबंद घेवडा खायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. चर्चमधल्या बायका आळीपाळीने वाचून दाखवू म्हणाल्या, तर त्यांना फाटकातूनच परत लावलं. "मी आख्ख्या टोळीला वाचून दाखवलंय. आता मला मांडीवर घेऊन गोष्ट सांगणार का तुम्ही? मेले तरी चालेल." आणि ती खरंच त्याच वाटेला लागली होती. शेजारी म्हणून मी रोज बघत होतो.

मग फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून एक पोरगा ते यंत्र घेऊन आला. बोलकी पुस्तकं. सोबत काय, तर धंद्यात पुढे कसं जावं याचीच सगळी. कौन्सिलच्या नव्या साहेबाने फर्मान काढलं होतं, की गाडीत उपयोगी पुस्तकं ठेवा. कादंबऱ्या खोके भरभरून उकिरड्यावर ओतल्या होत्या. आता ज्या गावात पब, पेट्रोल पंप आणि बंद पडलेली बेकरी एवढेच धंदे, तिथे पुढे जायचं तर जाणार कुठे? पण साहेबाला कोण विचारणार!

आयव्हीने विचारलं. फोनवर. मी तिच्या स्वयंपाकघरातच होतो.

"ऐकलं हो तुमचं पुस्तक," ती कडाडली. "एक वाक्य घ्यायचं, त्यात बादलीभर पाणी ओतायचं आणि दिवसभर रटरटू द्यायचं. असं सूप मी शेडवर वाढलं असतं ना, तर कात्र्या घेऊन मागे लागले असते. म्हणे पहाटे उठा, गार पाण्याने अंघोळ करा, मालक व्हाल. जन्मभर पहाटे उठले, साहेब. गरम पाणी बघितलंच नाही. कुठाय माझी मेंढवाडी? ... नाही, तुम्ही ऐका! कादंबरीतला माणूस खोटा असेल, पण त्याची भूक खरी असते. तुमच्या पुस्तकातला माणूस खरा म्हणता, आणि त्याला भूक लागलेली मी एकदाही ऐकली नाही. माझे डोळे गेलेत, अक्कल नाही!"

फोन आदळला. पुढच्या फेरीला पोरग्याने गुपचूप एक बोलकी कादंबरी आणून दिली. तिने तर आयव्हीची आणखीच आग झाली. वाचणारा कोणी शहरी, लोण्यासारखा आवाज. नायकाची आई मरते तेही त्याने हवामानाच्या बातम्यांसारखं वाचलं. वर वादळाचं आख्खं प्रकरण गायब! लांबतं म्हणून गाळलं असेल.

"वादळ कुठाय?" आयव्हीने टेबलावर मूठ आपटली. "चोरांनो! अरे, आई त्या वादळात मरते! वादळच नाही तर ती मेली कशाने, सर्दीने?"

"वाचतोही भिकार," मी म्हणालो.

तिने मान वळवली. "नियम माहीत आहे ना, क्लॅरी?"

मी म्हटलं, चष्मा घरी आहे, आणि पळालो. ती आपली यंत्राला शिव्या घालत राहिली.

आता खरी गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्राने वादळाचं प्रकरण वाचलं.

"गाळलेलं?" ग्रेगने विचारलं.

"आख्खं. लाजलं ते. आवाजसुद्धा बदलला, जरा घोगरा झाला, अडखळायला लागला, पण आई मेली तेव्हा मध्येच थांबला. आयव्ही केक काढायला उठली की हे गप्प. ती बसली की पुढे चालू. 'ते पान पुन्हा,' म्हणाली की पुन्हा. तिने परत चूल पेटवली, ग्रेग. ती कादंबरी झाली, दुसरी झाली, उन्हाळाभर चाललंय."

"यंत्रात एवढ्या कादंबऱ्या आल्या कुठून?"

"ते मला काय ठाऊक? मी उकिरड्यावर गेलो होतो, पण पत्रा शोधायला."

"आणि तू दुपारी कुठे असतोस रे हल्ली? पबमध्ये दिसत नाहीस."

"पाण्याच्या टाकीची दुरुस्ती चाललीय."

"कुणाच्या?"

"आयव्हीच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे ना, ती."

ग्रेग ग्लास खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. "हे यंत्र खोकतं पण का, क्लॅरी?"

"धूळ जाते त्यात. या भागात कोणाला खोकला नाही?"

"खोटं!"

भिंतीकडून आवाज आला. आयव्हीची हनुवटी वर झाली होती.

"धादांत खोटं. त्याने वादळ गाळलं, त्याच रात्री त्या यंत्राची वायर मी मटणाच्या सुरीने कापली. ते लोणी बंद झालं, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीखालून आवाज यायला लागला. पान उलटताना बोट चाटतो तेसुद्धा ऐकू येतं मला. आणि वाचतोस अगदी भिकार, क्लॅरी, प्रत्येक बाई तुझ्या तोंडून सारखीच बोलते." ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली आणि काठी चाचपायला लागली. "उद्या आत येऊन बस. तिथे उन्हात तुझं डोकं तापतं, आणि मग तू ओळी गाळतोस."