कॅरीबॅगचं उद्यापन

आषाढी एकादशीच्या सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते आणि दगडाबाई दारात येऊन उभी राहिली. दगडाबाई आमची शेजारीण. घरचा धंदा शेळ्यामेंढ्या राखण्याचा, आणि तिच्या शेळ्या रोज आमच्याच दारावरून माळाला जातात. तिच्या हातात एक ओली, चघळलेली कॅरीबॅग होती. आतला बेल आणि झेंडू अजून ओळखू येत होता.

निर्माल्य कुणाच्या पायदळी येऊ नये म्हणून आम्ही ते पिशवीत घालतो, गाठ मारतो आणि उकिरड्याच्या कडेला ठेवतो. नेकनूरला बहुतेक घरांत हेच चालतं. शेळीला त्या गाठीचं काय? तिला बेलाचा वास आला. दगडाबाईनं घशात हात घालून पिशवी ओढून काढली, म्हणून शेळी वाचली.

"तुमच्या देवानं माज्या शेळीला एकादशी घडवली असती, माय," ती म्हणाली. "कायमची."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसतच बोलली आणि शेळ्या हाकत निघून गेली. मी तांब्या तसाच हातात धरून उभी.

त्या संध्याकाळी देवळात कीर्तन झालं. कीर्तन संपलं की आमच्याकडच्या बायका कीर्तनकार उत्तरेश्वर महाराजांसमोर चातुर्मासाचा नेम बोलतात. कुणी चहा सोडते, कुणी भात, कुणी पायातली चप्पल. माझी पंचाईत अशी की कांदा-लसूण मी कधीचाच सोडलाय, चहा सोडून झाला, एका वर्षी गादी सोडली तर कंबर धरली. सोडायला काही उरलंच नव्हतं. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, की कॅरीबॅग सोडते. चार महिने उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही.

बायका हसल्या. महाराज हसले नाहीत. त्यांनी विचारलं, नुसती कॅरीबॅग का? मी म्हटलं, ती आणि तिची सगळी भावकी. एकदा वापरून फेकायचे ग्लास, ताटल्या, पुड्या, सगळं. महाराज म्हणाले, मग नेम झाला. पण रीत ध्यानात ठेवा, जे सोडलं ते कार्तिकीनंतर आधी दान करायचं आणि मगच पुन्हा घरात घ्यायचं. भात सोडणारीनं तांदूळ द्यायचे, दूध सोडणारीनं दूध. मी मान हलवली. तेव्हा पुढचं कुणाला सुचतंय?

घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. माझी सून मोहिनी चुलीपुढं बसली होती. चांगली आहे पोर, पण तिचा चेहरा बघून कळलं की नेम मी बोलले आणि पाळायचा तिला आहे. किराणा तीच आणते, दूध तीच आणते. तिनं एवढंच विचारलं, की कार्तिकीला संपेल ना नक्की? कारण कार्तिकी झाल्यावर संस्कृतीचा वाढदिवस येतो. संस्कृती माझी नात. वाढदिवसाला सगळी आळी बोलवायची, आणि खरकटी ताटं काही मोहिनी घासणार नव्हती. चकचकीत ताटल्या आणायच्या, जेवण झालं की गोळा करून फेकायच्या. मी शब्द दिला. नेम माझा, तो तिच्या डोक्यावर कायमचा बसवायला मी कोण?

पहिले काही दिवस जरा गमतीचेच गेले. आमचे हे बाजाराला गेले आणि पिशवी घरीच विसरले. मग खांद्यावरच्या उपरण्यात दोडके बांधून आणले, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत आले की मी व्रत करतोय, बायकोचं. मोहिनीनं डोकं चालवलं. आसारामच्या दुकानात साखरेची पुडी तिथंच फोडायची, साखर डब्यात ओतायची आणि रिकामी पुडी त्याच्याकडंच ठेवायची. उंबरा काही ओलांडला नाही. आम्ही दोघी त्यावर खूष होतो. दगडाबाईला कळलं तर म्हणाली, "बरं केलं. आता माजी शेळी आसारामच्या मागल्या दारी जाऊन मरंल."

मोहिनीचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवसापासून ती पोत्यातली सुटी साखर मागायला लागली. जुन्या लुगड्याच्या पिशव्या मी शिवल्या, दुधाला किटली निघाली, तेलाला बरणी. निर्माल्य आम्ही गाठीबिठी न मारता पारिजातकाच्या बुडाशी खड्ड्यात घालायला लागलो. तिथं पाय पडत नाही आणि वर माती लोटली की झालं.

खरा प्रसंग आला तो नागपंचमीला. मोहिनी माहेरी केजला गेलेली. परत आली ती जीपमधून, आणि हातात कॅरीबॅग. तिच्या आईनं लाडू दिलेले. मी उंबऱ्यात उभी. आईच्या हातच्या लाडवाला आडवं जाणं बरं दिसत नाही, मला कळत होतं. पण देवापुढं बोललेलं. मी हळूच म्हटलं, "बाळा, ती तेवढी बाहेर लिंबाला अडकव. मी डबा आणते."

तिनं दारातल्या कडुलिंबाच्या फांदीला अडकवली. लाडू डब्यात भरले. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, आणि त्या रात्री जप करताना माझं मन काही माळेवर राहिलं नाही. आपण देवासाठी करायला जावं आणि सुनेचं मन दुखवावं, यात देवाला काय मिळालं?

त्यानंतर मी नेमाचा विषयच काढला नाही. मोहिनी करत राहिली, मुकाट्यानं. दिवाळीच्या सुमाराला ह्यांनी उकिरडा उपसायला घेतला, शेतात खत टाकायचं होतं. दर साली खताबरोबर रानात पिशव्या जायच्या आणि मग पेरणीला औताच्या दाताला गुंडाळायच्या. या खेपेला वरचा थर नुसता काळाभोर निघाला, हातात घेतला तर भुसभुशीत. ह्यांनी मोहिनीला मुद्दाम बोलावून दाखवला. तिनं वाकून मूठभर घेतला, हुंगला, आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी तिथंच एका कडेला तिनं भोपळ्याचं बी लावलेलं मला दिसलं. मी न पाहिल्यासारखं केलं.

कार्तिकी आली. मला आतून वाटत होतं की हे थांबू नये. पण शब्द दिलेला. द्वादशीला पारणं केलं, आणि मोहिनी स्वतःच आसारामकडून कॅरीबॅगचं नवं करकरीत बंडल घेऊन आली. उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, आत्या, चला, दान करून येऊ, म्हणजे तुमचं उद्यापन विधीनं होईल. सुपात तांदूळ, नारळ, दक्षिणा आणि वर ते बंडल. हळदकुंकू वाहावं की नाही यावर आम्ही दोघी घटकाभर अडलो. शेवटी नारळालाच वाहिलं.

महाराजांनी सुपाकडं पाहिलं. तांदूळ घेतले, नारळ घेतला आणि बंडल परत ढकललं. म्हणाले, "सरस्वतीबाई, दान घेणाऱ्याला त्याचा उपयोग व्हावा लागतो. माझ्या घरी मोरीखाली असल्या पिशव्यांचं एक पोतं भरलंय. कुणी मनापासून घेतलं, तर दान झालं म्हणा."

मग मोहिनी बंडल घेऊन आळीत निघाली आणि मी तिच्या मागं. पहिल्या घरी म्हणाले, आमच्याकडं लई पडल्यात. दुसऱ्या घरी म्हातारीनं गादी उचलून दाखवली. खाली घड्या घालून ठेवलेल्या, शेकड्यांनी. दगडाबाईनं तर सूप पाहिलं आणि शेळ्यांच्या आणि आमच्या मधी येऊन उभी राहिली. तिला वाटलं आम्ही वेड्या झालो. शेवटी आसाराम. तो म्हणाला, वहिनी, दान म्हणून न्हाई घेत, पण माल म्हणून परत घेतो. आणि त्यानं पैसे मोजून दिले.

येताना मोहिनी रिकामं सूप डोक्यावर घेऊन चालत होती आणि एकटीच हसत होती.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मी उठले तर ओट्यावर देवळातली स्टीलची ताटं रचलेली. घासणार कोण, असं विचारायला मी तोंड उघडलं, तर शेजारच्या दोन बायका राखेचं टोपलं घेऊनच बसलेल्या. मोहिनीनं त्यांना काय कबूल केलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

दुपारी केजहून मोहिनीची आई आली. जीपमधून उतरली, नातीसाठी हातात लाडू, आणि लाडू कॅरीबॅगमध्ये. पंचमीचे ते डोळे आठवले. मी लगबगीनं पुढं झाले आणि म्हटलं, "या विहीणबाई, या. आत या तशाच."

पण मोहिनी आधीच उंबऱ्यात उभी होती. "आई, ती तेवढी बाहेर लिंबाला अडकव. मी डबा आणते."

विहीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी गडबडून म्हटलं, "अगं, राहू दे आजचा दिवस. कार्तिकी झाली, नेम संपला की."

"कावून संपला?" मोहिनी म्हणाली. "दान झालं का, आत्या? कुणी घेतलंच न्हाई. मग चालूच हाय."

ती डबा आणायला आत गेली. विहीणबाईंनी पिशवी लिंबाला अडकवली, आणि खाली दगडाबाईची शेळी मागच्या पायांवर उभी राहून मान ताणायला लागली, तशी मी जाऊन पिशवी वरच्या फांदीला लावली.