कप्तानाचा उपास

भोम्बलदाने बंगाली पाडव्याच्या सकाळी लुची खाल्ली तिथेच घोटाळा झाला, असं तो नंतर स्वतःला समजावत राहिला. खरं तर घोटाळा त्याच्या कितीतरी आधी झाला होता आणि लुचीचा त्यात काही दोष नव्हता. पण स्वतःवर खापर फोडायची वेळ आली की माणूस त्यातल्या त्यात लहानसं खापर निवडतो, आणि भोम्बलदा तर जन्मभर सोयीने वागत आला होता. बायकोने मैद्याची गरम लुची आणि बटाट्याचा आलूर दम वाढला, त्याने तो पोटभर हाणला, वर मिष्टी दही खाल्लं आणि कोलकात्याच्या मैदानावर पूजेला बसायला निघाला.

बंगाली वर्षाच्या पहिल्या दिवशी मैदानावरचे क्लब गोलपोस्टच्या आडव्या बाराची पूजा करतात. बांधव समिती नावाच्या क्लबात या पूजेला कप्तान बसतो. मागच्या मोसमाच्या शेवटी खेळाडूंनी ज्याच्या नावावर हात वर केले, तो. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं, बाराला हात लावून बसायचं, भटजींनी नाव विचारलं की मोठ्याने आपलं नाव सांगायचं. त्या नावाने संकल्प सुटतो आणि मोसमभराची सगळ्यांची हाडं, गुडघे, हार-जीत त्याच्या गळ्यात पडते. मग त्याच्या घरच्या बाईने, आई असो की बायको, साखरेचा बताशा भरवून उपास सोडवायचा. समितीने चषक फारसे जिंकले नाहीत, पण हा रिवाज कधी चुकवला नाही.

यंदाचा कप्तान होता लखिंदर मुर्मू. सहा फुटी, काळाभोर, मधल्या फळीत कोणाच्या बापाला न जुमानणारा आणि मैदानाबाहेर कोणासमोर तोंड न उघडणारा. त्याला बेलपहाडीकडच्या आदिवासी गावातून भोम्बलदानेच आणलं होतं. तिकडे बोकडाच्या बक्षिसासाठी गावोगावच्या स्पर्धा होतात. त्या बघायला गेलेला भोम्बलदा बोकडाच्या मटणावर ताव मारून पोराला घेऊन परतला होता. निघताना त्याने अंगणात उभं राहून पोराच्या आईला शब्द दिला होता. म्हणाला होता, "एक दिवस याला कप्तान करतो की नाही बघ. पूजेला तू यायचं, तुझ्या हाताने बताशा भरवायचा." असे शब्द भोम्बलदा सहज देत असे. त्याचं बोलणं मुळात गोड होतं आणि जेवण झाल्यावर जास्तच गोड होई.

मग हिवाळ्यात कंपनी आली. त्रिनयन सिमेंट. शहराशहरांचे संघ विकत घेऊन जी नवी लीग निघाली होती, तिच्यात त्रिनयनला उतरायचं होतं. त्यांच्याकडे सगळं होतं, फक्त टाळ्या वाजवायला माणसं नव्हती. माणसं समितीकडे होती. म्हणून समितीचं नाव त्यांनी आपल्या नावाला जोडून घेतलं. कप्तान स्पेनहून येणार होता, पण ऑगस्टात. पूजा होती एप्रिलात, आणि पूजेचं चित्रीकरण करायचं होतं. तेव्हा ओळखीचा चेहरा हवा म्हणून त्यांनी समितीच्या जुन्या कप्तानाला, म्हणजे भोम्बलदाला विचारलं. शिवाय टीव्हीवर सामन्याआधी बोलायला खुर्ची देऊ म्हणाले.

भोम्बलदाने आढेवेढे घेतले, पण शोभेपुरतेच. वर्षानुवर्षं त्याला कोणी बोलावलं नव्हतं. ट्राममध्ये कोणी "तुम्ही भोम्बल सरखेल ना?" म्हणून विचारत नव्हतं. हावरटपणा म्हणावा तर तो पैशाचा नव्हता. पुन्हा एकदा लोकांनी आपल्याकडे बघावं एवढीच ती भूक होती. पण भूक लागली की माणूस कोणाचं ताट ओढतो ते बघत नाही.

समितीचे सचिव शिबेनबाबू मोठे शहाणे होते. त्यांनी दोन कामं भोम्बलदाच्या गळ्यात मारली. एक, लखिंदरला सांगायचं की पूजेला तू बसणार नाहीस. दुसरं, त्याहून वाईट. कोलकाता लीगमध्ये कंपनी आपली कोवळी पोरं उतरवणार होती आणि जुन्यांपैकी बरेच जण संघातून सुटणार होते. लखिंदर पंचविशीचा, तो सुटणाऱ्यांत होता. शिबेनबाबू म्हणाले, "तुझं पोर आहे, तुझं ऐकेल. नीट समजावून सांग."

भोम्बलदा फोन करणार होता. त्या रात्रीच करणार होता. मग म्हटलं, रात्री वाईट बातमी नको. सकाळी म्हटलं, पोर सरावाला गेलं असेल. रविवारी सासरी जेवण होतं. एकदा तर नंबर लावला आणि पहिली रिंग वाजताच कापला. लखिंदरने उलट फोन केला तेव्हा उचललाच नाही. असं भिजत घोंगडं ठेवून ठेवून पाडवा उजाडला. आणि तोपर्यंत त्याने स्वतःची समजूत घातली होती की शिबेनदांनीच कोणाकरवी कळवलं असेल, ते सचिव आहेत, त्यांचंच काम आहे.

मैदानावर क्लबच्या कचेरीला तंबूच म्हणतात; समितीच्या तंबूत पोहोचला तर उपाहारगृहाच्या पत्र्याखाली नेहमीची जुंपली होती. हारूबाबू नव्या लीगच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, पूर्वी आपल्या पोरांचा गुडघा सुजला की चुना-हळद लावून पळवायचो, आता डॉक्टर आहे, बर्फ आहे, पोरीबाळी सामना बघायला येतात, घराघरात फुटबॉल पोचला. गोसाईंकाका म्हणत होते, पोचला म्हणजे काय, दाखवला. या लीगमध्ये शेवटचा आलेला खाली जात नाही आणि खालचा कितीही जिंकला तरी वर येत नाही. ज्याच्याकडे थैली तो आत, बाकीच्यांनी कुंपणाबाहेरून बघायचं. हारूबाबू म्हणाले, येईल हळूहळू तेही. काका म्हणाले, तोवर खालचे क्लब उरले तर येईल. मग दोघांनी भोम्बलदाकडे बघितलं. "तू आता टीव्हीवाला, तू सांग." भोम्बलदाने दोन्ही बाजूंना मान डोलवली आणि लिंबाचा चहा मागवला. टीव्हीला तो शोभला असता.

चहा यायच्या आतच दारातून लखिंदर आला. नवं धोतर, अंगावर समितीची जुनी हिरवी जर्सी, ओठ उपासाने सुकलेले. मागोमाग त्याची आई. लाल काठाची साडी, केसांत पांढरं फूल, हातात पदराने झाकलेली पितळेची वाटी. रात्रीच्या बसने आले होते. भोम्बलदाला बघून तिचं तोंड फुललं आणि ती वाटी छातीशी धरून उभी राहिली. वाटीत काय आहे हे भोम्बलदाला सांगावं लागलं नाही.

सांगायला अजून वेळ होता. चार शब्दांचं काम होतं. भोम्बलदा उठला, लखिंदरला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "प्रवास बरा झाला ना?"

मग कंपनीची रिमझिम नावाची पोरगी कानाला यंत्र लावून आली. बिचारी वाईट नव्हती. तिने सगळ्यांसमोर हसतमुखाने भोम्बलदाला नवी कोरी जर्सी दिली, छातीवर सिमेंटचं नाव, दंडावर कप्तानाची पट्टी, आणि म्हणाली, "सर, चला, पूजेला बसायचंय."

लखिंदरने पट्टीकडे बघितलं. मग भोम्बलदाकडे. भोम्बलदा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. बुटाला नाडी नव्हती.

"दादा, तुम्ही बसणार?" लखिंदरने हळूच विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर भोम्बलदाने त्याच्यावर चढून बोलायला कमी केलं नसतं.

"अरे, फक्त शूटिंगपुरतं. कंपनीचं आहे. मी तुला फोन करणार होतो."

"उचलला नाही तुम्ही."

"गडबड होती रे."

लखिंदरने मान हलवली. म्हणाला, "मलाही त्या लीगमध्ये खेळायचंय, दादा. ती चांगली की वाईट ते तुम्ही मोठे ठरवा. मला एवढंच, की सांगितलं असतं तर आईला आणलं नसतं." आणि तो जाऊन आईशेजारी, पूजेच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीच्या मागे उभा राहिला.

भोम्बलदाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. लाज वाटली. पण लाज वाटली म्हणजे माणूस सुधारतोच असं नाही. पुष्कळदा तो लाज घेऊनच पुढचं पाऊल टाकतो. भोम्बलदाने टाकलं.

बार सालवृक्षाच्या लाकडाचा, जुना. कंपनीने त्याला आपल्या नावाचा चकचकीत कागद गुंडाळला होता. भट्टाचार्य भटजींनी शेंदूर लावला तर तो कागदावर धरेना, घसरत खाली येई. भटजी पुटपुटत, पुन्हा लावत. माळ घातली, शंख वाजला, बायकांनी जीभ हलवत मंगल उलुध्वनी केला. भोम्बलदा बाराला हात लावून मांडी घालून बसला होता आणि पोटात सकाळचा आलूर दम होता.

"कप्तानाचं नाव?" भटजींनी विचारलं. त्यांनी विचारताना लखिंदरकडेच बघितलं होतं, कारण गेल्या आठवड्यात तो त्यांच्याकडे येऊन विचारून गेला होता की आमच्यात तुमच्यासारखं गोत्र नसतं, मग काय सांगू. आणि भटजींनी त्याला सांगितलं होतं, काश्यप सांग, काश्यपात सगळे मावतात.

कॅमेरा भोम्बलदाच्या नाकासमोर. मनात आलं, म्हणावं लखिंदर मुर्मू. हात माझा राहू दे, नाव तरी त्याचं जाऊ दे.

"पुलकेश सरखेल," भोम्बलदाने आपलं कागदोपत्री नाव सांगितलं. "शांडिल्य गोत्र."

भटजींनी एकदा लखिंदरकडे बघितलं, मग मंत्र पुढे चालला. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. दोरीमागून लखिंदरनेही वाजवल्या.

भोम्बलदाने सुटकेचा श्वास सोडला, तोच रिमझिम धावत आली. शेंदूर ओघळून त्रिनयनमधला 'त्रि' झाकला गेला होता, वरचे लोक नाराज होते. पूजा पुन्हा करावी लागेल. भटजी चिडले. संकल्प काय दोनदा सोडतात, म्हणाले. शिबेनबाबूंनी त्यांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि ते मान खाली घालून परत आले. एकाने फडक्याने बार पुसला. दुसरा नारळ आला.

भोम्बलदाला वाटलं, देव आहे. नाहीतर असं कोणाच्या नशिबी येतं? केलेली चूक तशीच्या तशी पुसून समोर ठेवली होती, फडक्याने पुसलेल्या बारासारखी. या खेपेला चुकायचं नाही. त्याने मागे वळून बघितलं. लखिंदरची आई पायांच्या चवड्यांवर उभी राहून सगळं बघत होती. गर्दीतल्या डोक्यांमुळे तिला नीट दिसत नसावं. वाटी अजून छातीशीच होती.

"कप्तानाचं नाव?" भटजींनी विचारलं. आता त्यांनी कोणाकडेच बघितलं नाही.

"सर, थोडं हसून," रिमझिम मागून म्हणाली.

आणि भोम्बलदा हसला. हसला, आणि हसत्या तोंडाने त्याच आवाजात, पहिल्यापेक्षा अंमळ स्वच्छ, पुन्हा आपलंच नाव सांगितलं. का, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. कोणाचा धाक नव्हता. मुर्मू म्हटलं असतं तर फार तर तिसरा नारळ लागला असता.

पूजा आटोपली. लोक बाराला हात लावून मिठाईकडे वळले. भोम्बलदा तोंड चुकवून मागच्या बाजूने सटकणार होता, पण जर्सी भडक होती आणि लखिंदरची आई वाट काढत थेट त्याच्यासमोर आली. लखिंदर तिच्यामागे. तिने भोम्बलदाच्या दंडावरच्या पट्टीकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं.

लखिंदर खाली बघत म्हणाला, आणि भोम्बलदाला कळावं म्हणून बंगालीत म्हणाला, "आई, हे कप्तान. माझीच ऐकण्यात चूक झाली. माझं नाव पुढच्या वर्षी आहे."

मग तिने पदर बाजूला केला, वाटीतला बताशा उचलला. रात्रभर बसमधल्या दमट हवेने तो एका बाजूने विरघळला होता. तो तिने भोम्बलदाच्या तोंडासमोर धरला.

"तोंड उघड, बाबू. तुझ्या घरचं कोणी दिसत नाही. कालपासून उपाशी असशील."

भोम्बलदाने तोंड उघडलं. नाही म्हणायला जे लागतं ते त्याच्यापाशी नव्हतं. बताशा जिभेवर फुटला. सकाळच्या दह्याची आंबट ढेकर वर आली, ती त्याने बताशासकट गिळली. तिने प्रवासातल्या बाटलीत उरलेलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. लखिंदरचे सुकलेले ओठ त्याच्या हाताभर अंतरावर होते.

"माझ्या पोराला संघात सांभाळून घे," ती म्हणाली. "तू शब्दाचा पक्का. बघ, तू म्हणालास तसा बताशा भरवलाच की मी, कप्तानाला."

ती थट्टेत म्हणाली की साधेपणाने, हे भोम्बलदाला कळलं नाही, आणि वर बघून ताडायची त्याची छाती झाली नाही. त्याच्या ओंजळीतून पाणी गळत होतं.

"दादा," लखिंदर म्हणाला, "सराव कधीपासून?"

भोम्बलदाने चिकट हात नव्या जर्सीला पुसले.

"कळवतो ना," तो म्हणाला. "फोन करतो मी तुला."