देवाजवळची बाज

मच्छिंद्रची बाज देव्हाऱ्यासमोरच टाकायची, हे राहीबाईनं लेकाला दवाखान्यातून आणायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. नाथांची नजर लेकावर रातंदिवस राहिली पाहिजे. सुनेला, छबूला, विचारायचा प्रश्नच नव्हता. लघवीची नळी घालायला सून, आणि बाज कुठं टाकायची ते ठरवायला सासू!

दुष्काळाच्या साली शेळ्यांना पाला मिळेना म्हणून मच्छिंद्र लिंबावर चढला आणि फांदीसकट पाठीवर आपटला. कमरेखालचं सगळं मेलं. पाय गेलेच, पण लघवी लागलेली कळेना आणि आपली आपण होईना. श्रीरामपूरच्या दवाखान्यात सिस्टरनं छबूला शिकवलं. तांबड्या रबराची नळी पातेल्यात उकळायची, हात साबणानं खसाखसा धुवायचे, नळी हळूच आत सरकवायची आणि सगळी लघवी काढून घ्यायची. दिवसातून चारदा, एकही वेळ चुकवायची नाही. पहिल्यांदा छबूला रडू फुटलं. मग हात बसला.

"आणि एक ध्यानात ठेव," सिस्टर म्हणाली होती, "थेंब थेंब गळायला लागलं तर सुटलं म्हणून खूश होऊ नकोस. घागर भरली की वरून सांडते. ती रिकामी झालेली नसते."

घरी आल्यावर छबूनं पाळी आली की कुणाला कळू दिली नाही. बाहेर बसली असती तर नळी कोणी घातली असती? दवाखान्यात तर त्या दिवसांतही तिनंच घातली होती, आणि मच्छिंद्रचं काही वाकडं झालं नव्हतं. पण घायपाताआड वाळत घातलेलं फडकं एकदा सासूच्या नजरेला पडलं. राहीबाईनं घर डोक्यावर घेतलं. देव बाटवला म्हणून घरभर गोमूत्र शिंपडलं आणि तेव्हापासून ती सुनेवर डोळ्यांत तेल घालून बसली.

पुढच्या वेळी छबूची रवानगी गोठ्यालगतच्या छपरात झाली. तिनं अंगणातूनच दिराला हाक मारली. "कचरू भाऊजी, तुमी घाला नळी. मी दारातून सांगते."

कचरूचे कान लाल झाले. "सख्ख्या भावाला तिथं हात लावू? काय बी बोलता का वैनी!" असं म्हणून तो टोपी झटकत मळ्याकडं निघून गेला.

"आत्याबाई, मंग बाज तरी ओसरीवर घ्या. तिथं देव न्हाई. मी येते."

"लेकराला देवापून उठवू? तुझ्या सोयीसाठी?"

आतून मच्छिंद्रचा आवाज आला, "छबे, चार दिस कळ काढ. मला कुठं काय दुखतंय?"

दुखणार कसं? पोटात निखारा ठेवला असता तरी त्याला कळलं नसतं. छबूला सासूपेक्षा त्याचाच जास्त राग आला. ज्याच्यासाठी लाज गुंडाळून ठेवली, तोच आता देवाच्या बाजूचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी राहीबाई ओली गोधडी घेऊन हसतच अंगणात आली. "बघ, आपसूक सुटलं! नाथांनी ऐकलं."

"आत्याबाई, सुटलं न्हाई ते! घागर सांडतीय. सिस्टर म्हनली हुती!"

"सिस्टरला काय कळतंय नाथांचं? तोंड आवर."

तिसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्रला हुडहुडी भरली. बाज करकरत होती, ती छपरात ऐकू येत होती. छबूनं तीन दगडांच्या चुलीवर नळी उकळली, साबणानं हात धुतले आणि सरळ घरात शिरली. राहीबाई दारात आडवी आली. छबूनं तिला ढकललं. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासूकडं नजर वर करूनही पाहिलं नव्हतं.

"शिवू नगं..." मच्छिंद्र तापात पुटपुटला.

"गप पडा," छबू म्हणाली.

नळीतून आलं ते गढूळ, रक्ताळलेलं आणि घाण वासाचं. येत राहिलं, थांबेना. कचरूनं गाडी जुंपली. श्रीरामपूरला डॉक्टर म्हणाले, विष मूत्रपिंडातून रक्तात गेलंय. दोन दिवसांत मच्छिंद्र संपला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला राहीबाई रडत रडत एकच सांगे, "इटाळाच्या हातानं शिवली हो! नाथ कोपला." बायका माना डोलवत आणि छबूकडं बघत. घागरीचं कुणी विचारलं नाही. छबूनं सांगितलंही नाही. सांगून ऐकणारं कोण होतं?

माणसं वाढली, माजघरात बसायला जागा पुरेना. तेव्हा कचरूनं रिकामी बाज एका हातानं उचलली, खांद्यावर टाकली आणि ओसरीवर नेऊन उभी केली. त्याला धापसुद्धा लागली नाही.

छबू बघत राहिली.

दिवेलागणीला शेजारची भागूबाई सवयीनं देव्हाऱ्यातला दिवा लावायला उठली. राहीबाईनं तिला अडवलं. "नगं. सुतक हाय. आता धा दिस घरातल्या कुनीच देवाला शिवायचं न्हाई, आन् तू बी नगं."

छबू पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलली.

"म्हंजी आता समदं घरच बाहेर बसलं की, आत्याबाई. त्यापरीस त्या चार दिवसांत येकटी बाज बाहेर आली असती, तर काय बिघडलं असतं?"